साबण मुरविणे : घरातील जागा

तेल व कॉस्टिक सोड्याचे द्रावण बाहेरून उष्णता न देता घोटून घरी केलेल्या साबणाच्या वड्या, कापल्यानंतर चार ते सहा आठवडे हवेवर राखून ठेवण्याच्या क्रियेस साबण मुरविणे असे म्हणतात. साबणीकरणाची रासायनिक क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतांशी आटोपत असल्यामुळे, ही सारी मुदत केवळ सोड्याचा दाह मारण्यासाठी असते हा सार्वत्रिक समज यथार्थ नव्हे. या अवधीत मुख्यत्वे वडीतील पाणी उडून जाते, तिची स्फटिकरचना घट्ट होते आणि ती कठीण व कमी झिजणारी बनते. जागेची निवड ही त्यामुळे वस्तुतः वाऱ्याची निवड होय.

पॅलेस्टाइनमधील नाब्लुस येथील साबण ऑलिव्ह तेलापासून कढवून केला जात असला, तरी त्याच्या वाळवणीची तजवीज घरगुती साबणकर्त्यानेही अभ्यासावी अशी आहे : तेथील कारखान्यांच्या हवेशीर वरच्या मजल्यावर वड्यांचे आतून पोकळ, शंक्वाकृती मनोरे रचतात आणि प्रत्येक थरात फटी ठेवून वाऱ्यास चोहोबाजूंनी वाट देतात. सीरियातील हलब शहराचा साबण याच रीतीने कित्येक महिने राहतो. त्याची बाहेरची बाजू पिवळसर तपकिरी होते, गाभा मात्र हिरवाच उरतो.

उन्हाचा मार्ग वेगळा. पापड-कुरडयांच्या सवयीने साबणही गच्चीवर मांडण्याचा मोह होतो. परंतु तेथे रंग व सुगंध उडतात, वड्या वाकड्या होतात आणि तेल खवट होण्यास चालना मिळते. स्वयंपाकघर वाफेमुळे व न्हाणीघर ओलाव्यामुळे बाद समजावे. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, शिवाय उंदरांस साबणाचे वावडे नसते, हे माळ्यावर साबण ठेवणाऱ्यास लवकरच कळते. भिंतीतील देवळी दिसावयास सोयीची, पण तीन बाजूंनी बंद. साधारण गृहस्थाच्या घरात निजावयाच्या खोलीतील उघडी, उंच, मुलांच्या हाती न लागणारी फळी हीच या कामी सर्वोत्तम ठरते. पंख्याचा वारा तेथे अनायासे पोहोचतो. वड्या उभ्या, बोटभर अंतराने, लाकडी जाळीवर किंवा कोरा कागद घातलेल्या बांबूच्या परडीत ठेवाव्यात व आठवड्यातून एकदा फिरवाव्यात. लोखंड व तांबे यांच्या स्पर्शाने खवटपणा व नारिंगी डाग त्वरेने येतात. ॲल्युमिनियमवर ताज्या साबणातील क्षाराची प्रक्रिया होते, सबब या धातूंची ताटे वर्ज्य होत.

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हा काळ या कामास प्रतिकूल असतो. घरगुती साबणात ग्लिसरीन शिल्लक राहते, ते हवेतील बाष्प ओढून घेते आणि वडीवर घामाचे थेंब जमतात. ज्यांना पावसाळ्यातच साबण करणे प्राप्त आहे, त्यांनी बंद खोलीत बाष्प शोषणाऱ्या यंत्राचा आश्रय घ्यावा. इतरांनी दसऱ्यापर्यंत थांबणे शहाणपणाचे. देशावरील हिवाळ्याची कोरडी हवा मात्र अत्यंत अनुकूल असते. करडई किंवा सूर्यफुलाच्या तेलाचे प्रमाण मोठे असल्यास साबण लवकर खवट होतो, म्हणून मुदत उगाच लांबवू नये.

जागेची परीक्षा तराजूने करावी. वडीवर केल्याची तारीख नोंदवून दर आठवड्यास तिचे वजन घ्यावे. चार आठवडे उलटल्यावर लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला, म्हणजे साबण वापरास योग्य समजावा.