चांद्याच्या रानातील पोस्टाची पेढी

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा हा इंग्रजी अमलाखालील जिल्हा झाला, तेव्हा वैनगंगेपलीकडच्या अरण्यात सरकार पोचले ते महसुलाच्या वसुलीतून, पोलीस ठाण्यांतून आणि पुढे जंगलखात्याच्या हुकमांतून; जे खाते गावात येई ते बहुधा काही मागण्यासाठीच येई. रयतेचा पैसा सांभाळून तो मागितल्यावर व्याजासह परत करण्याची हमी देणारे खाते तेथे पोस्टाच्या रूपाने आले, आणि म्हणूनच या प्रदेशाच्या राज्यकारभारातील हे प्रकरण मला सर्वांत माणुसकीचे वाटते.

सरकारी बचतपेढ्या १८७० पासून जिल्ह्यांच्या खजिन्यांना जोडून उघडल्या होत्या खऱ्या. परंतु १८७४ मध्ये सिरोंचा चांद्यात सामील झाल्यावर तेथील माणसाला जिल्ह्याचे ठाणे शंभर मैलांच्या वर पडले, आणि चार रुपये ठेवण्यासाठी एवढे रान तुडवीत कोण जाणार? इंग्लंडात ग्लॅडस्टनने १८६१ मध्ये जो मार्ग धरला तोच येथे उपयोगी पडला: पत्रांसाठी कचेरी, कारकून आणि घुंगरांची काठी घेऊन धावणारा हलकारा यांची तजवीज झालेलीच होती, तिच्यावर पैशाचा व्यवहार अल्प खर्चात चढविता आला. १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डर पोस्टाकडे आली, १ एप्रिल १८८२ रोजी बचत बँक सुरू झाली आणि १८८६ मध्ये खजिन्यांतील ठेवीही तिच्याकडे वर्ग झाल्या.

या पेढीचा सारा विश्वास पासबुकात साठविलेला असे. डाकपाल रक्कम अंकी नि अक्षरी लिही, शिल्लक मांडी, सही करून तारखेचा शिक्का उमटवी. निरक्षर खातेदाराचा अंगठा ओळखीच्या साक्षीदारासमक्ष घेतला जाई. परंतु शाखा कचेरीत रोकड ठेवण्यास मर्यादा असे, मोठ्या रकमेची मागणी वरच्या कचेरीस कळवावी लागे आणि पैसा टपालाच्या थैलीतूनच येई. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद, मग थैली कोठली आणि पैसा कोठला!

१९८२ मध्ये सिरोंचा-भामरागडकडचा हा मुलूख गडचिरोली जिल्हा म्हणून चांद्यापासून (आजच्या चंद्रपुरापासून) वेगळा झाला. २००६ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमी योजनेचा आरंभ ज्या जिल्ह्यांत झाला त्यांत हे दोन्ही जिल्हे होते, आणि पुढे मजुरी बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यातच जमा करण्याचा दंडक आला. मुकादमाच्या हातून मजुराची सुटका करणारा हा निर्णय सर्वथा योग्य होता. मात्र तुटपुंज्या रोकडीवर चालणाऱ्या शाखा कचेऱ्यांवर त्याने एकाएकी मोठा भार टाकला. खात्यात मजुरी जमा झाली तरी ती हाती पडेपर्यंत मजुराला पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागणे, हे दुःख दुर्गम भागातील पोस्टांना नवे नाही.

१ सप्टेंबर २०१८ रोजी पोस्टाची पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली, आणि आता डाकसेवक दारात येऊन यंत्रावर अंगठा टेकवून घेतो. खातेदाराची ओळख क्षणात पटते, पण नोटा मात्र अजून रस्त्यानेच याव्या लागतात. तेव्हा अशा गावांतील शाखांची रोकडमर्यादा वाढविणे आणि पावसाळ्यापूर्वीच त्यांच्याकडे पुरेशी रक्कम पोचविणे, ही तजवीज वरिष्ठ कचेऱ्यांनी आधी करावी.