पन्हाळा : मागे राहिलेल्यांचा गड

शिरोली एमआयडीसीतील ओतशाळांच्या रांगा मागे टाकून, पंचगंगा ओलांडून कोल्हापुरात शिरावे आणि तिथून रत्नागिरीच्या रस्त्याला लागावे. वाघबिळापाशी पन्हाळ्याचा फाटा फुटतो. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच असलेल्या या गावी लोक सहसा हवा खायला जातात : तीन दरवाजा, सज्जा कोठी, बाजीप्रभूंचा पुतळा, झुणका-भाकरी, आणि दिवेलागणीला परत. हा क्रम वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यात गडाचा इतिहास एका रात्रीपुरता उरतो.

ती रात्र जुलै १६६० मधली. मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा होता. भर पावसात महाराज विशाळगडाकडे निघाले. आपली कल्पनाही त्यांच्याबरोबर गड उतरते आणि घोडखिंडीत जाऊन थांबते. पन्हाळा मात्र त्यानंतरही झुंजत होता. सप्टेंबरमध्ये तो आदिलशाहीच्या स्वाधीन झाला, तोवर मागे राहिलेल्यांनीच तो राखला होता. त्यांची आठवण शोधायची तर पुतळ्यापाशी नव्हे, अंबरखान्यात शोधावी. गंगा, यमुना, सरस्वती या धान्यकोठारांच्या जाड भिंतींशी क्षणभर उभे राहिले की वेढा म्हणजे काय ते उमगते : किती दाणा, किती तोंडे, किती महिने. अंधारबावीचे पाणीही तोच हिशेब सांगते. शौर्याला असा शिधा लागतो, हे बखरींतून सहसा निसटते.

१६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने गड परत मिळवला. पुढे ताराबाईंनी इथे राजधानी केली आणि १७८२ मध्ये ती कोल्हापुरास जाईपर्यंत पन्हाळा हे दरबाराचे गाव राहिले. मराठीच्या विद्यार्थ्याने थांबावे ते या काळापाशी. ज्यांच्या नावाशी 'आज्ञापत्र' जोडले जाते, ते रामचंद्रपंत अमात्य याच दरबारचे. त्या ग्रंथातील दुर्गप्रकरण वर्गात रूक्ष वाटते. तटावर बसून वाचले तर पाणी, झाडी, कोठार यांविषयीची त्यातली काळजी डोळ्यांपुढे उभी राहते. १७२९ मध्ये मोरोपंत जन्मले तेही इथेच. तारुण्यात ते बारामतीस गेले आणि आपण त्यांना बारामतीचे समजू लागलो. परंतु त्यांचे संस्कृत अध्ययन या गडावर झाले. लष्करी ठाण्यावर एक मुलगा काव्य शिकू शकतो, याचा अर्थ तिथे पाठशाळा, गुरू आणि पोथ्या असलेले नांदते गाव होते.

१८४४ मध्ये गडकऱ्यांनी कंपनी सरकारविरुद्ध बंड केले. इंग्रजांनी गड घेतला आणि तटबंदीचा बराच भाग पाडला. चार दरवाजा त्यातच गेला. दरवाजे पडले, वस्ती टिकली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत पन्हाळा आहे. हा मान रास्तच. धास्ती एवढीच, की 'लष्करी' या विशेषणाखाली गाव पुन्हा झाकले जाईल.

म्हणून पन्हाळ्यास जाणाऱ्या अध्यापकांना आमची विनंती आहे : मुलांना आधी अंबरखाना दाखवावा, मग तीन दरवाजा. तिथल्या पर्शियन शिलालेखांपुढे उभे करावे, आणि मोरोपंतांची एखादी आर्या त्यांच्याच गावात मोठ्याने म्हणायला लावावी. पावनखिंडीची वाट त्यानंतर दाखवावी.