जावयाचे कूळ

बी.कॉम. झालेल्या माणसाला इतिहास नसतो. त्याला फक्त मागील पानावरून पुढे ओढलेली शिल्लक असते. गेली बावीस वर्षे मी बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहतो आहे, आणि सही जुळली की त्या माणसाचा पूर्वेतिहास काय असावा याची मी कधी चौकशी केलेली नाही. तरीसुद्धा आज मी तुम्हाला रशियाची राणी दुसरी कॅथरीन हिच्या १७६३ सालच्या जाहीरनाम्यातल्या कर्जाच्या अटी तोंडपाठ म्हणून दाखवू शकतो. याला कारण आमची ताई.

ताईच्या चिमीने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत परस्पर लग्न केले. मुलगा तिकडचाच, कॅन्सस राज्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. ताईने फोनवर एकच प्रश्न विचारला, "कूळ काय?" चिमी म्हणाली, "गहू." पुढे संभाषण झाले नाही. तेव्हापासून मायलेकींचे बोलणे बंद. निरोप सगळे माझ्यामार्फत. बँकेच्या भाषेत बोलायचे तर मी या दोन खात्यांमधले क्लिअरिंग हाऊस झालो.

मग एके दिवशी माझ्या पत्त्यावर एक जाडजूड पार्सल आले. आत २१२ पानांचे, तारेच्या बांधणीचे बाड. जावयाच्या आत्याने, म्हणजे एका निवृत्त शाळामास्तरणीने, तीस वर्षे खपून केलेला घराण्याचा कुलवृत्तांत. वर चिमीची चिठ्ठी: "मामा, एवढं कूळ पुरे का, आईला विचार."

मी ते ताईकडे नेले. तिने त्याला हात लावला नाही. म्हणाली, "तूच बघ. तुला आकडे कळतात."

जावयाचे खरे आडनाव मी इथे देत नाही. एक तर ताई रागावेल, आणि दुसरे म्हणजे ते मला अजून नीट लिहिता येत नाही. आपण सोयीसाठी हॉफमन म्हणू. हॉफमन म्हणजे वाड्याचा, शेतवाडीचा कारभार बघणारा माणूस. जर्मनांमधले 'कारभारी' समजा. हॉफमन मंडळी कॅन्ससची असली तरी मूळची जर्मनीची, आणि जर्मनीची असली तरी आलेली रशियातून. पहिल्याच पानावर हे वाचून मी बाड मिटले आणि चहा मागवला.

भानगड अशी होती. ही कॅथरीन मुळात रशियाची नव्हेच. १७२९ साली जन्मलेली ही जर्मन राजकन्या, माहेरचे नाव सोफी. चौदाव्या वर्षी तिला रशियात आणले, धर्म बदलला, नाव बदलून कॅथरीन केले आणि पुढच्या वर्षी युवराजाशी लग्न लावले. १७६२ साली नवऱ्याला गादीवरून उतरवून बाई स्वतःच बसल्या. आणि दुसऱ्याच वर्षी जाहीरनामा काढला, की व्होल्गा नदीकाठी आणि इतरत्र आमची जमीन ओसाड पडली आहे, या आणि कसा. आमंत्रण तसे बहुतेक साऱ्या परदेशी लोकांना होते, पण आली ती मुख्यतः जर्मन माणसे. सात वर्षांच्या लढायांनी आणि करांनी तिकडे लोक टेकीला आलेच होते.

एवढे मी ताईला सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे सासरी गेली, नाव बदललं, नवऱ्याला घालवलं, आणि माहेरची माणसं आणून बसवली?"

"साधारण तसंच."

"बाई हुशार होती," ताई म्हणाली आणि पुन्हा भाजीत शिरली. पण पूर्वीइतकी नाही, हे मी पाहिले.

आता त्या अटी. धर्म ज्याचा त्याला. लष्करात सक्ती नाही. ओसाड जमीन कसणाऱ्याला तीस वर्षे करमाफी. घर, गुरे, अवजारे यांसाठी कर्ज, तेही बिनव्याजी, फेड दहा वर्षांनंतर. हे मी आमच्या शाखाधिकाऱ्यांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जामीन कोण होतं?"

जामीन कोणीच नव्हते. हॉफमनांचा मूळपुरुष योहान हा ल्यूबेक बंदरातून बोटीने पीटर्सबर्गजवळच्या ओरानियनबाउमला उतरला. तिथे कूलबर्ग नावाचा सरकारी कारकून बसला होता. १७६६ साली उतरलेल्या हजारो माणसांची नावे, धर्म, मूळ मुलूख आणि धंदा त्याने यादीत उतरवून घेतला, आणि आज व्होल्गाकाठच्या जर्मनांचा वंश शोधणारा जो तो आधी या यादीला हात जोडतो. इतिहासात सेनापतींचे पुतळे होतात. कारकुनाचा कोणी करत नाही. पण अडीचशे वर्षांनी कॅन्ससमधल्या एका मास्तरणीला आपला पूर्वज सापडतो तो सेनापतीमुळे नव्हे, हे मी आमच्या शाखेत आवर्जून सांगितले. हेडकॅशियरांनी त्यावर भजी मागवली.

यादीत योहानपुढे धंदा 'शेती' लिहिला आहे. आत्याबाई मात्र खमक्या. त्यांनी माइन्झकडच्या चर्चमधली दप्तरे धुंडाळून पुरावा काढला, की हा गृहस्थ विणकर होता. व्होल्गाकाठी सरकारला नांगर धरणारे हवे होते, मग शिंपी असो की सुतार, नांगर धरावाच लागे. तर ज्या घराण्याच्या नावापुढे आज कॅन्ससमध्ये 'पिढीजात शेतकरी' लागते, त्याच्या मूळपुरुषाने रशियात पाऊल टाकेपर्यंत नांगराला हात लावलेला नव्हता. १७६४ ते १७६७ या काळात अशी पंचवीस-तीस हजार माणसे गेली आणि सराटोव्हच्या आसपास त्यांची शंभराहून अधिक गावे वसली. कागदावर घरे होती, प्रत्यक्षात गवत होते. कित्येकांनी पहिला हिवाळा जमिनीत खड्डे खणून काढला. वाटेतच मेले ते वेगळे. योहान निघाला तेव्हा घरात सहा माणसे होती. १७६७ च्या शिरगणतीत चार आहेत. आत्याबाईंनी तिथे एक शब्दही जास्त लिहिलेला नाही. वजाबाकी आपली आपण करायची.

यानंतर मी खरा रंगात आलो, कारण पुढे नावांचा घोळ सुरू होतो आणि नावांचा घोळ हा माझा प्रांत आहे. हॉफमन हे आडनाव जर्मन लोक एक एफ घालून लिहितात, दोन एफ घालून लिहितात, शेवटी एक एन लावतात, दोन लावतात. त्यात घरातले सगळे मुलगे योहान. योहान पीटर, योहान गेओर्ग, योहान आडाम. हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. मूल दगावले की त्याचेच नाव पुढच्याला ठेवायचे, म्हणजे एकाच बापाला दोन योहान पीटर. आमच्याकडे अशी खाती उघडली तर ऑडिटर कागद अंगावर फेकतील. रशियन लिपीत तर 'ह' च नाही. तिथे 'ह' चा 'ग' होतो. सबब जर्मनीतला हॉफमन रशियन दप्तरात गोफमन झाला, योहानचा इव्हान झाला, आणि अमेरिकेत उतरल्यावर हफमन झाला. आमच्याकडे आधार कार्डावर एक मात्रा कमी असली तर मी म्हाताऱ्या माणसाला 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र आणायला परत पाठवतो. या घराण्याला मी पाठवायचे ठरवले असते तर अडीच शतके पाठवत बसलो असतो.

एक चूक मात्र मी पकडलीच. जावयाचे पणजोबा सराटोव्हकडच्या चर्चच्या वहीत ३ मार्च १८५८ रोजी जन्मले आहेत आणि कॅन्ससमधल्या थडग्यावर १५ मार्चला. बारा दिवसांचा फरक! मी लगेच आत्याबाईंना ईमेल केली, की आपल्या ग्रंथात तफावत आढळली आहे, तरी खुलासा व्हावा. खुलासा दुसऱ्याच दिवशी आला, फार गोड शब्दांत. रशियात १९१८ पर्यंत जुने पंचांग चालत असे, ते एकोणिसाव्या शतकात आपल्यापेक्षा बारा दिवस मागे होते. 'आपण इतके बारकाईने वाचता आहात याचा आनंद वाटला.' मी ती ईमेल कोणाला दाखवली नाही.

हे पणजोबा अमेरिकेत का गेले, तर राणीने दिलेले शब्द तिच्या वंशजांनी परत घेतले. १८७१ साली वसाहतवाल्यांचे खास हक्क रद्द झाले, १८७४ साली सर्वांना लष्करसेवा सक्तीची झाली. शिवाय पोरेबाळे वाढली होती आणि माणशी जमीन आक्रसत चालली होती. गावांनी आधी माणसे पाठवून अमेरिका पाहून घेतली, मग ब्रेमेनहून बाल्टिमोर, तिथून आगगाडीने कॅन्सस. १८७६ साली एलिस काउंटीत त्यांनी गावे वसवली आणि नावे जुन्याच गावांची दिली. कॅथरीन, हर्झोग, फायफर. हॉफमन आले होते ओबरमोंझू गावाहून. त्याचे इथे झाले मुंजोर.

"मुंजोर?" ताई म्हणाली. "तिथे मुंजी करतात की काय?"

"नाही. गहू करतात."

या मंडळींना रशियात 'जर्मन' म्हणत, कॅन्ससमध्ये शेजारी 'रशियन' म्हणू लागले. झाड नाही म्हणून कुंपणाचे खांबसुद्धा त्यांनी चुनखडीच्या दगडाचे केले. शेजारच्या व्हिक्टोरिया गावात १९११ साली मोठे देऊळ पुरे झाले, त्यासाठी बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला वर्षाला ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड अशी पट्टी होती. वर्गणी डॉलरमध्ये चुकवता येते, दगडात चुकवता येत नाही. वसुलीची ही पद्धत मला फार आवडली.

पान १४७ वर मात्र मी थांबलो.

पणजोबा अठराव्या वर्षी निघाले, त्यांचा थोरला भाऊ मागे राहिला. कोणीतरी घर सांभाळायला हवे. दोघांच्या घरांत पुढे पन्नासाहून अधिक वर्षे पत्रे चालली. शेवटचे पत्र १९३३ चे, थोरल्याच्या नातवाने लिहिलेले. त्या वर्षी तिकडे दुष्काळ होता. पत्रात आधी पिठासाठी चार डॉलर मागितले आहेत आणि शेवटी लिहिले आहे, की पुन्हा आम्ही लिहीपर्यंत तुम्ही लिहू नका. परदेशातून मदत येणे हाच तेव्हा गुन्हा ठरू शकत होता. नंतर पत्र आले नाही. २८ ऑगस्ट १९४१ ला, हिटलरची फौज आत शिरल्यावर, व्होल्गाकाठच्या तमाम जर्मनांना सायबेरियात आणि कझाकस्तानात हलवण्याचा हुकूम निघाला. शत्रूला फितूर असल्याचा आरोप सरसकट सगळ्यांवर. सुमारे चार लाख माणसे, गावेच्या गावे, काही आठवड्यांत गाड्यांत भरली गेली. आरोप निराधार होता हे सरकारनेच १९६४ साली मान्य केले. घरी परतायची परवानगी मात्र त्यात नव्हती.

आत्याबाईंनी थोरल्याच्या वंशाचे पान छापले आहे. वर पाच नावे आहेत. खाली नुसत्या रेघा आखलेल्या आहेत, वीस-बावीस. 'कोणी आलेच तर लिहायला जागा असावी.'

आमच्याकडे दहा वर्षे कोणी विचारले नाही, की ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण खाते बुडत नाही. वारस कधीही आला, कागद दाखवले, तर पैसे द्यावेच लागतात. मला वाटले, ही बाई आमच्याच धंद्यातली आहे.

रविवारी दुपारी मी बाड ताईपुढे ठेवले आणि पान १४७ उघडले. ती बराच वेळ वाचत होती. पत्राच्या मजकुरावर तिचे बोट दोनदा फिरले. मग तिने पाने उलटली आणि २०९ वर आली. तिथे चिमी होती. चिमीचे माहेरचे नाव, जन्मगाव, शिक्षण. खाली 'वडील': भावजींचे नाव. भावजींनी आपला तक्ता ताईला न सांगता कधीच भरून पाठवला होता. त्याखाली 'आई', आणि पुढे एक रेघ.

"ही रेघ का?"

"तुझ्याकडे तक्ता पाठवला होता, तू भरला नाहीस. त्यांना आईचं माहेरचं नाव लागतं. त्या म्हणतात, १७९८ च्या शिरगणतीत बायकांची माहेरची नावं लिहिलेली होती म्हणून अर्धं घराणं सापडलं."

ताई काही बोलली नाही. आमच्याही घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात मी आहे, माझी मुंज आहे, माझे बी.कॉम. सुद्धा आहे. ताई त्यात 'कन्या १' एवढीच आहे. हे तिला माहीत होते आणि मलाही.

"पेन दे," ती म्हणाली.

माहेरचे नाव लिहिले. सासरी बदललेले नाव लिहिले. जन्मगाव लिहिले. जन्मतारखेपाशी अडली. आमच्या वडिलांनी शाळेत घालताना तिलाही, निम्म्या महाराष्ट्राप्रमाणे, १ जूनला जन्माला घातले होते.

"खरी लिहू की शाळेतली?"

"दोन्ही लिही. त्यांना सवय आहे."

तिने दोन्ही लिहिल्या, सही केली. सवयीने मी ती ताडून पाहिली. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजले होते.

"तिकडे आत्ता किती वाजले असतील रे?"

"पहाटेचे साडेपाच. झोपलेले असतील."

"झोपतात कसले," ताई फोन उचलत म्हणाली, "शेतकऱ्याचं घर आहे ते."