पिस्टन एक, नळ्या दोन

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की वाटेत सापगाव लागतं. या पट्ट्यातला पाऊस भातशेतीला मानवतो, मोटारसायकलच्या पत्र्याला नाही. खेडोपाडी येझदी आणि राजदूत धावत होत्या त्या काळात पावसाळा सरला की मिस्त्रीकडे एक काम हमखास यायचं: सायलेन्सर उतरवून साफ करणं.

राजदूतला नळी एकच. येझदीची, म्हणजे आधीच्या जावाची, तऱ्हा निराळी. इंजिन 250 सीसीचं, पिस्टन एक, पण धूर सोडायला दोन्ही बाजूंना दोन नळ्या आणि दोन सायलेन्सर. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. पन्नाशीच्या दशकात मुंबईचे इराणी ती आयात करत. सरकारने आयात रोखल्यावर रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना काढला. 1961 पासून तिथे गाड्या बनू लागल्या आणि सत्तरच्या दशकात टाकीवर येझदी हे नाव आलं.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला साधारण 40 मिलिलिटर. पंपावर हात जरा सैल सुटला की जादा ऑइल अर्धवट जळून नळीत चिकटायचं. काजळीचा थर चढला की धुराला वाट मिळेना. मग गाडी चढाला दम टाकायची, पिकअप घ्यायची नाही. गिऱ्हाईक कार्बोरेटरला दोष देई. जाणता मिस्त्री आधी मागे हात धरून धुराचा जोर बघे.

खरी कसोटी पुढच्या नटाशी. बेंड पाइप सिलिंडरला ज्या गोल, खाचांच्या नटाने आवळलेला असतो तो उष्णतेने आणि गंजाने धरून बसतो. त्याला हुक पाना लागतो. उतावळे लोक छिन्नी-हातोडा घेत, खाचा तुटत, आणि नट वाकडा फिरला तर सिलिंडरचे आटेच जात. नळी शंभराची, सिलिंडर हजारांचा! म्हणून आदल्या रात्री रॉकेल सोडायचं, सकाळी इंजिन कोमट करून नट हलवायचा. नंतर मागचा क्लॅम्प सैल केला की नळी निघते.

आतली जाळी काढून शेकोटीत घातली की काजळी जळून जाई. उरलेली तारेने खरवडायची. बसवताना क्रम महत्त्वाचा. सगळे नट आधी हातानेच लावायचे, पुढचा आवळायचा, मग मागचा. उलट केलं तर नळीवर ताण राहतो आणि सांध्यातून फटफट सुरू होते. गाडी एकदा तापवून पुन्हा पाना फिरवायचा, तोही नव्या गॅस्केटवर.

काही हौशी मंडळी जाळी परत बसवतच नसत. आवाज दणदणीत येई, पण धुराचा मागचा दाब जाऊन खालच्या वेगातली ओढ कमी होई. पेट्रोलही जास्त लागे. आज फाटक्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात; ती हौस काही नवी नाही.

1985 मध्ये चार-स्ट्रोक हिरो होंडा सीडी-100 आली. तिच्यात ऑइल मिसळायचं नव्हतं आणि ती पेट्रोलही कमी प्यायची. पुढे धुराचे नियम कडक झाले आणि 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना थांबला. सायलेन्सर जाळण्याचं काम गॅरेजमधून हळूहळू हद्दपार झालं. आता ते जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या हाती आहे.

2018 मध्ये जावा पुन्हा बाजारात आली. इंजिन 293 सीसीचं, चार-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, तरी नळ्या दोनच ठेवल्या. मात्र धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आता एक्झॉस्टमध्येच असतो. सायलेन्सर शेकोटीत घालायची जुनी खोड इथे केली, तर नवाच विकत आणावा लागेल.