कारखान्याची घरपट्टी : नाशिकमधल्या करसवलतींचा इतिहास

मागच्या वेळी आपण नाशिकच्या जुन्या पेठा आणि वाडे पाहिले. आज आपल्याला सातपूर-अंबडकडे जायचं आहे. विषय रुक्ष वाटेल, कारण तो घरपट्टीचा आहे. पण घरपट्टी भरली नाही असं इथे कोणी नसेल, त्यामुळे प्रश्न सगळ्यांचाच आहे. कारखाना गावात यावा म्हणून सरकार कर सोडून देतं. हा सोडलेला कर शेवटी कोणाच्या खिशातून जातो?

सुरुवात १९६० पासून करू. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा उद्योग मुख्यतः मुंबई-ठाण्यात आणि थोडे पुण्यात होते. ते बाहेर न्यायचे तर आधी जमीन, रस्ते, पाणी हवं. म्हणून १९६१ चा औद्योगिक विकास कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. पण नुसत्या प्लॉटसाठी मुंबई सोडून नाशिकला कोण येणार? त्यासाठी १९६४ मध्ये राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. त्याच सुमाराला, १९६३ मध्ये, यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले आणि १९६४ मध्ये ओझरला विमान कारखाना आला. सातपूरला मायको आली. तिचं नाव आपण मायको सर्कल म्हणताना रोज घेतो.

आता या योजनेतली खुबी बघा. १९६४ नंतर ती अनेकदा बदलली, नव्याने आली. पण तिचा कणा बराच काळ विक्रीकराची सवलत हाच होता. कधी करमाफी, कधी कर पुढे ढकलण्याची मुभा. समजा, कारखान्याने गिऱ्हाइकाकडून एक लाख रुपये विक्रीकर घेतला. तो लगेच सरकारजमा न करता काही वर्षांनी भरायचा, आणि मधल्या काळाचं व्याज नाही. म्हणजे सरकारचंच बिनव्याजी भांडवल. जकातीचा परतावाही योजनेत होता. भाग जितका मागास, तितकी सवलत मोठी आणि लांब मुदतीची.

पुढे राज्याराज्यांत चढाओढ लागली. शेजारच्या राज्याने पाच वर्षं दिली की आपण सात द्यायची! शेवटी सगळ्या राज्यांनी मिळून १ जानेवारी २००० पासून विक्रीकराच्या नव्या सवलती बंद करायचं ठरवलं.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने होते. तिथे शहरं स्वतःच्या मालमत्ता करात सूट देतात. न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून अशी योजना आहे : व्यापारी किंवा औद्योगिक इमारत नवी बांधली, किंवा जुनीवर मोठा खर्च करून सुधारली, तर वाढलेल्या करात ठरावीक वर्षं सूट. मुदत संपत आली की सूट टप्प्याटप्प्याने उतरते. बरं-वाईट बाजूला ठेवा. पण तिथे कोण सोडतंय, किती सोडतंय, कधीपर्यंत, हे कागदावर असतं.

आपल्याकडे विक्रीकर सोडला राज्याने. पण कामगारांना घरं, रस्ते, गटारं, शाळा लागल्या, त्या गावाने पुरवायच्या होत्या. गावाच्या हातात काय होतं? १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ मध्ये एक सोय आहे. कारखान्याने पंचायतीला वेगवेगळे कर देण्याऐवजी करार करून एकच ठोक रक्कम द्यायची. कारखान्याला हिशेब सोपा. पण रक्कम ठरवताना एका बाजूला कंपनीचे वकील आणि दुसऱ्या बाजूला सरपंच-ग्रामसेवक. कोणाचं पारडं जड राहणार, हे तुम्हीच सांगा.

७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून महानगरपालिका झाली. सातपूर-अंबडचे कारखाने शहराच्या हद्दीत आले. उद्योजकांची तक्रार तेव्हापासूनची आहे : आम्ही एमआयडीसीला सेवाशुल्क भरतो, पालिकेला घरपट्टीही भरतो, मग एकाच गोष्टीचे पैसे दोनदा का? ही तक्रार अगदीच पोकळ नाही. पाणी एकाचं, रस्ता दुसऱ्याचा, आणि गटाराचं विचारलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार.

पालिकेचं मात्र बरं चाललं होतं, कारण जकात होती. कारखान्यात कच्चा माल आला की नाक्यावर पैसे जमा. त्यामुळे घरपट्टीकडे कोणी फारसं पाहिलं नाही. घरपट्टी ठरते करयोग्य मूल्यावर. इमारत भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, ते धरायचं आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. बाजारातलं भाडं वाढत गेलं. पालिकेच्या वहीतलं वर्षानुवर्षं तेच राहिलं.

माझ्या मते नाशिकमधली सगळ्यात मोठी करसवलत हीच. तिचा जीआर नाही, मुदत नाही, अट नाही. ती कोणी ठरवून दिली नाही, नुसती राहून गेली.

मग मे २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. आता राज्याकडून भरपाई येते, दरवर्षी ८ टक्के वाढीच्या हिशेबाने. पण स्वतःच्या हातातला मोठा कर उरला घरपट्टीच. २०१८ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांनी भाडेमूल्याचे दर एकदम वाढवले, तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. त्यात एक गोष्ट मागे पडली. वाढीव भाडेमूल्य लागू झालं १ एप्रिल २०१८ नंतरच्या नव्या इमारतींना. जुन्या इमारतींचं भाडेमूल्य जुनंच राहिलं.

म्हणजे न्यूयॉर्कच्या बरोबर उलट! तिथे नवं बांधणाऱ्याला सूट, इथे जुन्याला. अंबडमध्ये त्यानंतर शेड टाकणाऱ्या नव्या लघुउद्योजकाला जास्त दर लागला आणि शेजारच्या तीस वर्षांच्या मोठ्या शेडला जुनाच. नव्या उद्योगाला बोलावण्यासाठी १९६४ मध्ये सुरू झालेली गोष्ट फिरून इथे येऊन पोचली.

सवलत देऊच नये, असं मी म्हणत नाही. १९६४ मध्ये ती दिली नसती तर सातपूर कदाचित आजही द्राक्षं आणि भाजीपाल्याचं गाव असतं. पण सवलत द्यायची तर सभागृहात, सगळ्यांसमोर, आकडा आणि मुदत सांगून द्यावी. घरपट्टीचं बिल आलं की करयोग्य मूल्याचा रकाना जरूर पाहा आणि नव्या इमारतीतल्या शेजाऱ्याच्या बिलाशी ताडून बघा. मग प्रश्नोत्तरांना आपल्याला भरपूर विषय मिळेल.