अठरा तासांचा अभ्यास आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा

दर वर्षी १४ एप्रिलच्या आसपास वस्त्यांमध्ये, कॉलेजांमध्ये ‘अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. आम्हीही त्यात अनेकदा बसलो आहोत. बाबासाहेबांच्या ज्ञानसाधनेला दिलेली ती मानवंदना आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच की, त्याच बाबासाहेबांनी कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यात आणली, तिची आठवण मात्र कुणी काढत नाही. वर्षातून एका दिवसाचे अठरा तास आम्ही बारा महिन्यांचे करून टाकले आहेत. नोकरी, मोर्चा, जयंतीची वर्गणी, ॲट्रॉसिटीच्या केससाठी पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, रात्री दीड वाजता ग्रुपवरचा वाद. थकलो असं म्हणणं म्हणजे चळवळीशी गद्दारी, असं आम्हीच आम्हाला शिकवून ठेवलं आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातला एक साथी कोसळला. झोप नाही, छातीत धडधड, बोलता बोलता रडू. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. म्हणून आम्ही पाच-सहा जण त्याला घेऊन रायगडच्या किनाऱ्यावर, काशीदला गेलो. रेवदंड्याची खाडी ओलांडली की मुरूडच्या वाटेवर काशीद लागतं. पांढरी वाळू, सुरूची झाडं, मागे फणसाडचं जंगल. हे जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. म्हणजे या किनाऱ्यावर फुरसत पूर्वीही होती, फक्त ती कुणाची होती हा प्रश्न आहे.

रविवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागली. आमच्या खोल्या साफ करणाऱ्या पोराला आम्ही विचारलं, तुझी सुट्टी कधी? तो हसला. म्हणाला, “रविवारी कशी घेणार दादा? रविवारीच तर धंदा असतो.” मग इतर दिवशी? त्यावर तो नुसताच हसला आणि बादली उचलून पुढच्या खोलीकडे गेला.

हा रविवार आला कुठून? आमच्याच लोकांच्या व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरते की, रविवारची सुट्टी बाबासाहेबांनी दिली. ते खरं नाही. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा आणि मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे सत्यशोधक होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी होते, ‘दीनबंधू’चे संपादक होते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चालायची आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती, त्या काळात १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांची सभा घेतली. मागण्या साध्या होत्या: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, कामावर जखमी झालेल्याला पगार. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन गेलं. तरी सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० च्या महालक्ष्मीच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. त्यानंतर गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवार मान्य केला. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

म्हणजे विश्रांती ही कुणाची मेहरबानी नाही आणि चैनही नाही. ती सत्यशोधकी परंपरेतून लढून मिळवलेली गोष्ट आहे.

पण हा रविवार गिरणीच्या दारापाशी थांबला. गावातल्या महाराच्या वाट्याला तो आला नाही. महार वतनात कामाचे तासच ठरलेले नव्हते. सरकारी अंमलदार असो की गावकामगार, हाक आली की रात्री-अपरात्री हजर व्हायचं. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जुंपायचं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी विधेयक मांडलं, तेव्हा त्यांचा एक मुद्दा हाच होता. ती वतनं कायद्यानं संपायला १९५८ उजाडावं लागलं. चोवीस तास हाकेला उभं राहणं हे आमच्या आजोबा-पणजोबांच्या गुलामीचं लक्षण होतं. आज आम्ही त्यालाच निष्ठा म्हणतो, हे जरा तपासून पाहायला नको का?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी हाच धागा पुढे नेला. १९४५ च्या दुरुस्तीनं कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीनं आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज कुणी उद्योगपती सत्तर आणि नव्वद तासांच्या गोष्टी करतो, तेव्हा तो नेमकी ही कमाई परत मागत असतो.

“पण बाबासाहेब स्वतः कुठे थांबले?” हा प्रश्न येणारच. खरं आहे, ते थांबले नाहीत. मधुमेहानं शरीर पोखरलं, पाय दुखत, झोप लागत नसे. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत ते गेले. त्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण तो आजार आदर्श म्हणून गिरवायचा नसतो. आपल्या लोकांना तसं झिजावं लागू नये म्हणून तर ते झिजले. आणि त्यांनी व्हायोलिन शिकायला वेळ काढला होता, हेही आम्ही सोयीनं विसरतो.

बुद्धानं हे आधीच सांगून ठेवलं आहे. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ करून बसला आणि निराश होऊन घरी परतायचा विचार करू लागला. बुद्धानं त्याला वीणेची आठवण दिली: तार फार ताणली तर सूर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही. आमचे किती सोण आज घरी परतले आहेत, याची आम्ही कधी मोजदाद केली का?

याच रायगडात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला. तो एकट्या नारायण नागू पाटलांच्या छातीवर टिकला नाही, पंचवीस गावांनी तो वाटून घेतला. लांबचा लढा असाच चालतो. म्हणून आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे: प्रत्येक जबाबदारीला दोन माणसं, आठवड्यातला एक दिवस फोन दुसऱ्याकडे, रात्री दहानंतर ग्रुप बंद. आणि बैठकीनंतर कप विसळणं हे फक्त बायांचं काम नाही. चळवळीतल्या स्त्रीला तर घरातही रविवार नसतो.

आमचा साथी आता बरा आहे, अर्धवेळ का होईना, परत आला आहे. पण काशीदचा तो पोरगा आजही रविवारी बादली घेऊन फिरत असेल. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने-आस्थापना कायदा झाला तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. छोटी लॉजं, टपऱ्या त्याच्या बाहेर राहिल्या. स्वतःची विश्रांती घ्यायला आम्ही शिकलो, ते ठीकच. पण त्या पोराच्या सुट्टीसाठी लढलो नाही, तर आमची विश्रांती नवाबाच्या शिकारीहून वेगळी कशी?

जय भीम!