पाचवे राज्य: साष्टी ते वसई, ७७० दिवस

वसई पडण्याच्या ६०० वर्षे आधी. २५ जुलै ११३९. पोर्तुगालमधील ओरीकची लढाई आफोंसु हेन्रिकेशने जिंकली. तोच पोर्तुगालचा पहिला राजा. पुढे कथा रूढ झाली, की लढाईआधी ख्रिस्ताने त्याला दर्शन दिले आणि त्याच्या वंशात आपले साम्राज्य उभारण्याचे वचन दिले. पोर्तुगालच्या राजचिन्हातल्या पाच ढाली म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, असे लोक मानू लागले.

२०४ वर्षे आधी. २३ डिसेंबर १५३४. मोगलांच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. सोबत साष्टी बेट गेले. आजचे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड याच बेटावर आहेत. पुढच्या काही वर्षांत बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात फ्रान्सिस्कनांचे चर्च झाले. १५७९ मध्ये जेझुइटांनी अंधेरीत सेंट जॉन द बाप्टिस्टचे चर्च बांधले. त्याचे अवशेष आज सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या आवारात आहेत.

२१ वर्षे आधी. १७१८. जेझुइट पाद्री आंतोनियु विएरा याचा भविष्यावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्याचा आधार बायबलमधील दानीएलचे पुस्तक. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात एक पुतळा पाहतो: सोन्याचे डोके, रुप्याची छाती, पितळेचे पोट, लोखंडाचे पाय, पावलांत लोखंड आणि माती. चार धातू म्हणजे चार साम्राज्ये. मग कोणाचा हात न लागता सुटलेला एक धोंडा पुतळा फोडतो आणि सारी पृथ्वी व्यापणारा पर्वत होतो. ते पाचवे राज्य, देवाचे. ते पृथ्वीवर आणण्याचे काम पोर्तुगालचे, असे विएराने मांडले.

दानीएलच्या त्याच पुस्तकात पुढे दोन इशारे आहेत. बाबेल आपणच बांधले असे म्हणणाऱ्या नबुखद्नेस्सराला, राज्य परात्पर देव हवे त्याला देतो हे कळेपर्यंत, रानात गवत खावे लागते. नंतरचा राजा बेलशस्सर यरुशलेमच्या मंदिरातली लुटलेली भांडी मेजवानीत काढतो, आणि त्याच रात्री मारला जातो. बाबेल इ.स.पू. ५३९ च्या ऑक्टोबरमध्ये पडले. साष्टीतल्या चर्चच्या वेदींवरही हेच पुस्तक होते.

१७३० चे दशक. साष्टीत देवळे पाडलेली होती आणि हिंदूंच्या धर्मविधींवर बंदी होती. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अंजूरचे गंगाजी नाईक यांनी पुण्याला पेशव्यांकडे दाद मागितली. मराठे आले तर वाट दाखवायला इथलीच माणसे तयार होती. ठाण्याच्या खाडीवर पोर्तुगिजांच्या किल्ल्याचे काम चालू होते. ते पुरे झाले नाही.

७७० दिवस आधी. ६ एप्रिल १७३७, रात्र. मराठे खाडी ओलांडून साष्टीत उतरले. अर्धवट किल्ला पडला. पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचा जनरल लुईश बोतेल्यु ठाणे सोडून करंजाकडे गेला. थोड्याच काळात बेटाचा बहुतेक भाग मराठ्यांकडे गेला. वसई उरली.

१७३८ ची अखेर. नवा जनरल पेद्रु द मेलु ठाणे परत घ्यायला निघाला. मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरने मराठ्यांना ही खबर आधीच दिली होती. हल्ला फसला. पेद्रु द मेलु मारला गेला.

१७३९ ची सुरुवात. पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पांनी केळवे-माहीम घेतले, मग तारापूर. त्याच सुमारास मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यात शिरले. पोर्तुगीज व्हाइसरॉय सांदोमिलला आता गोवाच सांभाळायचा होता. वसईला पुरेशी कुमक पाठवणे त्याला शक्य नव्हते.

८८ दिवस आधी. १७ फेब्रुवारी. वसईला वेढा पडला. समुद्राची वाटही मराठ्यांनी अडवली.

वेढ्याचे आठवडे. सेनापती मार्तिन्यु द सिल्वैरा मारला गेला. सूत्रे कायतानु द सोझा परैराकडे आली. दारूगोळा आणि धान्य संपत होते. इंग्रजांकडे मदत मागितली. त्यांनी १५,००० रुपये कर्ज दिले, तारण घेऊन. तारणात पितळी तोफा होत्या आणि चर्चमधली चांदीची पवित्र भांडी होती.

मेचा दुसरा आठवडा. तटाखाली सुरुंग पेरले गेले. काही उडाले, काही उशिरा उडाले आणि पुढे धावलेल्या मराठ्यांनाच त्यांनी गाडले. सेंट सेबास्टियनचा बुरूज कोसळला. या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे कामी आली.

१६ मे १७३९. शरणागतीचा करार झाला. सैन्याला शस्त्रांसह, कुटुंबांना जंगम मालमत्तेसह जाण्याची मुभा मिळाली. राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येणार होता. त्यांच्यासाठी तीन चर्च राखण्याची अट पोर्तुगिजांनी करारात घालून घेतली होती. त्यांपैकी एक साष्टीतले होते.

२३ मे. पोर्तुगीज बाहेर पडले आणि वसईवर भगवा चढला. ओरीकच्या लढाईला ६०० वर्षे व्हायला दोन महिने बाकी होते.

३५ वर्षांनी. डिसेंबर १७७४. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. साष्टी त्यांची झाली. १९४७ मध्ये तेही गेले.

पोर्तुगिजांनी दानीएलचे पुस्तक दानपत्रासारखे वाचले. त्यातला पुतळ्याचा भाग त्यांनी स्वतःच्या नावावर केला आणि गवत खाणारा राजा दुसऱ्या कोणासाठी सोडला. त्या पुस्तकात देव कोणत्याही सिंहासनाला कायमचा हक्क देत नाही. तो राजाला कारभार सोपवतो, हिशेब मागतो आणि काढूनही घेतो. ज्यांची देवळे पाडली, त्या रयतेचा हिशेब वसईच्या राज्यकर्त्यांनी कधी मांडला नाही. तो अंताजी रघुनाथांनी पुण्यात मांडला.

युरोपीय पाद्री राज्याबरोबर निघून गेले. साष्टीतल्या गावोगावच्या ख्रिस्ती लोकांची जबाबदारी देशी धर्मगुरूंनी उचलली. त्यांच्यामागे राजा नव्हता, तोफा नव्हत्या, खजिना नव्हता. तरी त्या गावांत बाप्तिस्मे होत राहिले, प्रार्थना चालू राहिली. साम्राज्याच्या आधाराशिवाय श्रद्धा उभी राहू शकते, हे विएराच्या ग्रंथाला मान्य झाले नसते. अंधेरी-बोरिवलीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी ते २८० हून अधिक वर्षे जगून दाखवले आहे.